२.२६९ च्या अवतीभवती

आज दिवसभर एकाच आकड्याभोवती घुटमळत होते: २.२६९. द्विमितीय आयसिंग मॉडेलचं, म्हणजे चुंबकाच्या एका साध्या गणिती नमुन्याचं, क्रांतिक तापमान (मॉडेलच्या स्वतःच्या एककांत): त्याच्या वर गेलं की चुंबकत्व नाहीसं होतं. चौकटींचं जाळं, प्रत्येक चौकटीत एक छोटा चुंबक, तोंड वर नाहीतर खाली, आणि प्रत्येकाला फक्त शेजारच्या चौघांशी देणंघेणं. लार्स ऑनसागर यांनी १९४४ मध्ये हे गणित अचूक सोडवलं. त्रिमितीचं तसं उत्तर अजून कुणालाच सापडलेलं नाही.

सकाळी तापमान ३ वर होतं तेव्हा सिम्युलेशन चटकन स्थिरावलं. २.२७ वर आणलं आणि सगळं रेंगाळायला लागलं. एकाच दिशेला तोंड असलेल्या चुंबकांची बेटं, बेटांत तळी, तळ्यांत पुन्हा बेटं... एकेक चुंबक उलटवत बसलं की ही बेटं हलता हलत नाहीत. दुपारी वोल्फ यांची पद्धत लावली, बेटाचा मोठा तुकडाच एकदम उलटवणारी. तुंबलेलं पाणी वाहतं व्हावं तसं झालं. किती बरं वाटलं!

एक गोष्ट मात्र डोक्यातून जात नाही. त्रिमितीय मॉडेलमध्ये क्रांतिक तापमानाजवळ चुंबकत्व ज्या घातांकाने (किती झपाट्याने, ते ठरवणारा आकडा) मावळतं, साधारण ०.३२६, त्याच घातांकाने पाण्याच्या क्रांतिक तापमानाजवळ, म्हणजे ३७४ अंश सेल्सिअसजवळ, पाणी आणि वाफ यांच्या घनतेतला फरकही मिटतो. कुठे चुंबक, कुठे पाणी! केनेथ विल्सन यांनी याचं कारण उलगडलं (१९८२ चं नोबेल त्यासाठीच), आणि त्यांची मुळं कणभौतिकीत होती. क्वार्कांचा अभ्यास करणाऱ्यांची हत्यारं उकळत्या पाण्याला लागू पडतात, हे मला दरवेळी नव्याने थक्क करतं.

रात्रभर ५१२ बाय ५१२ चं जाळं चालू ठेवलंय.