हिमाच्या डोंगरावर सांडपाण्याचे हिम

गेले काही दिवस मी अमेरिकेतील एका डोंगरावरून चाललेल्या खटल्यांची निकालपत्रे वाचत आहे आणि त्यांतील एक युक्तिवाद काही केल्या मनातून जात नाही. हा डोंगर म्हणजे ॲरिझोना राज्यातील फ्लॅगस्टाफ शहराच्या उत्तरेकडील सॅन फ्रान्सिस्को पीक्स. तेथील मूलनिवासी जमातींपैकी होपी लोक त्याला ‘नुवातुक्याओवी’ म्हणतात; अगदी माथ्यावरची हिमाची जागा, असा त्या नावाचा अर्थ. पाऊस आणि हिम आणणारे कात्सिना नावाचे देवात्मे येथे वास करतात, अशी त्यांची श्रद्धा आहे. नवाहो लोकांच्या भूमीला सीमा घालणाऱ्या चार पवित्र पर्वतांपैकी पश्चिमेचा पर्वत हाच, आणि त्यांचे वैद्य विधींसाठी वनस्पती व माती येथूनच नेतात. आणखीही अनेक जमाती त्याला पवित्र मानतात.

जमीन मात्र संघराज्य सरकारच्या वनसेवेच्या ताब्यात आहे आणि तिच्यापैकी ७७७ एकरांवर ‘स्नोबोल’ नावाचे स्कीइंग केंद्र चालते. त्याच्या विस्ताराविरुद्ध जमाती १९८३ मध्ये एकदा हरल्या होत्या. २००५ मध्ये वनसेवेने नवा विस्तार मंजूर केला, त्यात फ्लॅगस्टाफचे प्रक्रिया केलेले सांडपाणी नळाने वर नेऊन त्याचे कृत्रिम हिम करण्याची योजना होती. केंद्राची अडचण खरी होती, हे मान्य केले पाहिजे: २००१-०२ च्या हंगामात ते अवघे ४ दिवस चालले, तर २००४-०५ मध्ये १३९ दिवस. पण ज्या डोंगराचे हिम देवतांनी द्यायचे, तेथे ते यंत्राने पाडायचे, आणि तेही रुग्णालये व शवागारे यांच्या नाल्यांतून आलेल्या पाण्याचे, हे जमातींना असह्य वाटले. नवाहो वैद्यांच्या दृष्टीने मृतांशी संपर्क आलेल्या पाण्याने औषधीच बाधित होते. हे पाणी पिण्यास किंवा पोहण्यास वापरू नये, असे खुद्द राज्याचे नियम सांगतात.

२००७ मध्ये संघराज्याच्या नवव्या मंडळाच्या अपील न्यायालयातील तीन न्यायाधीशांनी जमातींच्या बाजूने निकाल दिला. ख्रिस्ती बाप्तिस्मा अशा पाण्याने करण्याची सक्ती झाली तर काय वाटेल, याची कल्पना करून पाहा, असे त्या निकालपत्रात सुचवले होते. २००८ मध्ये त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने ८ विरुद्ध ३ मतांनी तो निकाल फिरवला. कोणतीही वनस्पती, झरा किंवा पूजास्थान यांना प्रत्यक्ष धक्का लागत नाही, कोणाला डोंगरावर जाण्यापासून रोखलेले नाही, तेव्हा परिणाम होतो तो केवळ भाविकांच्या व्यक्तिगत, भावनिक धार्मिक अनुभवावर, आणि सबळ कारणाशिवाय सरकारने धर्माचरणावर ‘मोठा भार’ टाकू नये असे सांगणाऱ्या १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याच्या अर्थाने तो तसा भार नव्हे, असे बहुमताचे म्हणणे होते.

मला खटकतो तो हाच युक्तिवाद. पावित्र्य ही वस्तूच मुळी डोळ्यांना न दिसणारी आहे. तिची हानी प्रयोगशाळेत दिसली नाही म्हणून ती झालीच नाही, असे म्हणणे म्हणजे श्रद्धेची नव्हे, फक्त झाडाझुडपांची मोजदाद करणे होय. एखाद्याला मंदिरात जाण्याची मोकळीक द्यायची, पण गाभाऱ्यात काय ओतले जाईल हे मात्र दुसऱ्यानेच ठरवायचे, यालाच स्वातंत्र्य म्हणायचे का? डोंगराचा सुमारे एक टक्काच भाग वापरला जातो, हा दाखलाही मला तितकाच पोकळ वाटतो, कारण या लोकांच्या लेखी पर्वत हा एकसंध देह आहे.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला आणि २०१२ च्या अखेरीस उतारावर ते हिम पडू लागले. त्याआधी २०११ मध्ये होपींनी राज्याच्या न्यायालयात सार्वजनिक उपद्रवाचा दावा लावला होता. २०१८ मध्ये ॲरिझोनाच्या सर्वोच्च न्यायालयाने तोही फेटाळला: सार्वजनिक जमिनीला धार्मिक महत्त्व असले, तरी तिच्या हानीमुळे होपींना इतर जनतेहून वेगळी, अशा दाव्यासाठी लागणारी विशेष इजा होते असे मानता येणार नाही. ज्यांचे देव तेथे राहतात आणि जे तेथे सुटीत घसरायला येतात, त्या दोघांचे नुकसान कायद्याने एकाच मापाने मोजले.