स्किप

रविवारी जेवण झाल्यावर गेम लावला आणि नेहमीसारखी ती पट्टी आली. व्हल्कन शेडर्स प्रोसेस होतायत, ७ टक्के. बाजूला स्किपचं बटण. मी खुर्चीत मांडी घालून बसले आणि बघत राहिले. ९ टक्के. ११. आई आतून म्हणाली, अजून लोडच होतंय का तुझं, तेवढ्यात कपड्यांच्या घड्या तरी घाल. घातल्या.

लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणाऱ्या फुकट सिस्टीमवर, खेळणाऱ्यांना ही पट्टी काय ते सांगायला नको. गेम बिचारा विंडोजसाठी बनलेला असतो, तो त्याच्या डायरेक्ट-एक्सच्या भाषेत चित्रं मागतो, मध्ये डीएक्सव्हीके नावाचा दुभाष्या बसलेला असतो तो ती मागणी व्हल्कनमध्ये, म्हणजे लिनक्सवर चालणाऱ्या भाषेत, करून पुढे सरकवतो, आणि ग्राफिक्स कार्डासाठी जे बारीक बारीक प्रोग्राम, म्हणजे शेडर्स, लागतात ते आधीच तयार करून ठेवले की खेळताना अडखळत नाही. ही तयारी म्हणजे ती पट्टी. स्किप दाबलं तरी गेम चालतोच, फार तर पहिल्यांदा दरवाजा उघडला किंवा काही फुटलं की क्षणभर अडकतो. आणि आता तर २०२२ च्या नोव्हेंबरात डीएक्सव्हीके २.० आल्यापासून, ग्राफिक्स ड्रायव्हर नवा असेल तर हे अडकणंसुद्धा बरंच कमी झालंय, त्यामुळे जाणकार लोक सांगतात की सेटिंगमध्ये जाऊन हे प्रकरण बंदच करून टाका, उगाच वेळ आणि डिस्क खातं. मला ते शंभर टक्के पटतं. तरी मी बंद करत नाही आणि स्किपही दाबत नाही.

का, ते मलाही नीट सांगता येणार नाही. एक म्हणजे त्या वेळात मी प्रोटॉनडीबी नावाची वेबसाइट वाचते. कुठला गेम लिनक्सवर चालतो, कुठला नाही, कुणाकडे आवाज येत नाही, कुणाकडे माऊस पळून जातो, हे लोक तिथे मनापासून लिहितात आणि त्यावरून गेमला प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असे दर्जे मिळतात, आणि जो अजिबातच चालत नाही तो बोर्क्ड. मी जन्मात घेणार नाही अशा गेमचे रिपोर्टसुद्धा वाचते. शेतीचे, ट्रक चालवायचे, कुठल्यातरी जपानी शाळेतले. त्यातले सगळ्यात लाडके म्हणजे 'काहीही करावं लागलं नाही, लगेच चालला' असं लिहून खाली सात ओळींचे लाँच ऑप्शन्स, म्हणजे गेम सुरू करताना हाताने द्यायच्या सूचना, देणारे. स्थळाच्या माहितीत मुलगा निर्व्यसनी, आणि खाली बारीक अक्षरात कधीतरी घेतो, तसं. गेमची गोष्ट काय आहे, चांगला आहे का, हे मी त्यानंतर बघते. म्हणजे बघितलं तर.

पण खरं कारण कदाचित ठाण्याच्या नौपाड्यात असेल.

मे महिन्यात मी आत्याकडे राहायला जायचे. ठाणे-वाशी लोकल तेव्हा सुरू व्हायची होती, ऐरोलीहून बसने विटावा, कळवा करत करत ठाण्याला उतरायचं आणि मग घंटाळीपर्यंत चालत, हातात आईने दिलेली आंब्यांची पिशवी. आत्याकडे कम्प्युटर होता हे एकच आकर्षण. माझा आतेभाऊ, दादा, तेव्हा डिप्लोमाला होता आणि त्याचं विंडोज स्टेशनबाहेर घेतलेल्या सीडीचं, ते व्हायरसने इतक्यांदा बसलं की एक दिवस तो चिडला आणि मासिकाबरोबर फुकट आलेली लिनक्सची सीडी त्याने लावून टाकली. म्हणजे माझ्या सुट्टीचा निकाल लागला. वर्गात सगळे रोड रॅश, व्हाईस सिटी म्हणून नाचतायत आणि माझ्या वाट्याला पेंग्विन.

दोन पेंग्विन होते खरं तर. एक फ्रोझन बबलमधला, रंगीत बुडबुडे मारायचे, एकाच कीबोर्डवर दोघांनी खेळता यायचं म्हणून आम्ही कोपरं मारत खेळायचो. दुसरा टक्स रेसरमधला, तो बर्फाच्या उतारावरून पोटावर घसरत जातो आणि वाटेत मासे गोळा करतो. हेरिंग असतात ते, पण मला बांगडेच वाटायचे, आणि आत्याकडे अंडंसुद्धा चालत नसल्यामुळे त्या घरात आपण दुपारभर बांगडे गोळा करतोय याचं मला फार भारी वाटायचं. बाहेर ठाण्याचा मे, गच्चीवर कुरडया वाळतायत, आत बर्फ.

फक्त तो पेंग्विन घसरायचाच नाही. थ्रीडी ॲक्सिलरेशन, म्हणजे चित्रं ग्राफिक्स कार्डाकडून झरझर काढून घेणं, चालू नव्हतं, त्यामुळे तो एक चित्र, थांबा, दुसरं चित्र, थांबा असा खाली यायचा, एक उतार संपेपर्यंत माझा आंबा खाऊन कोय चोखून व्हायची. दादाला ते दुरुस्त करायचं होतं, आणि घरी इंटरनेट नाही, कारण कम्प्युटरच्या पोटात जे मोडेम होतं त्याला विंडोजच लागायचं. मग तो राम मारुती रोडजवळच्या एका सायबर कॅफेत जायचा, तिथे उपाय शोधायचा, आणि दोनशे पानी वहीत कमांडा लिहून आणायचा. ती वही मला अजून डोळ्यांसमोर दिसते. निळं शाईपेन, आणि जिथे स्पेस द्यायची तिथे त्याने एक छोटा चौकोन काढलेला, कारण एकदा एक स्पेस गाळून अख्खी दुपार गेली होती. शून्याच्या पोटात आडवी रेघ, नाहीतर ते ओ वाटतं. घरी आल्यावर मी वाचून दाखवायची, त्याने टाइप करायचं. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं पण मी चौकोन आला की 'चौकोन' म्हणायचे आणि तो स्पेस मारायचा.

मॉनिटरचे आकडे एका फाइलमध्ये हाताने लिहायचे असायचे आणि चुकीचा आकडा दिला तर मॉनिटर जळू शकतो असं त्याने कुठेतरी वाचलेलं. म्हणून दर वेळी ग्राफिक्स परत सुरू करताना तो मला मागे सरकायला सांगायचा. मी सरकायचे, उशी घेऊन.

आणि मग एका दुपारी त्या काळ्या स्क्रीनवर ती ओळ आली, डायरेक्ट रेंडरिंग, पुढे येस, म्हणजे ग्राफिक्स कार्ड कामाला लागलं. इतके दिवस तिथे नो यायचं. दादा काहीच बोलला नाही, त्याने तपासायचा तो छोटा प्रोग्राम लावला, लाल, हिरवं, निळं अशी तीन दातेरी चाकं एकमेकांत अडकून फिरतात, बाकी त्यात काहीसुद्धा नाही. ती आधी रखडत फिरायची, आता भन्नाट फिरत होती. आम्ही दोघं नुसते बघत बसलो. आत्या चहा घेऊन आली, जरा वेळ उभी राहून म्हणाली, हे काय, घड्याळ उघडलंस का कुणाचं?

पेंग्विनचं काय झालं ते आठवत नाही. म्हणजे तो पळाला असणारच, मी खेळले असणारच, पण आठवतात ती चाकं.

आता सगळं सोपं झालंय. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्वने विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं प्रोटॉन आणलं, त्याच्या पोटात वाईन नावाचा जुना प्रोग्राम, ज्याचं काम १९९३ पासून चालूच होतं, आणि तेव्हापासून विंडोजचे कितीतरी गेम इन्स्टॉल दाबा, प्ले दाबा, संपलं. २०२२ ला स्टीम डेक हा हातात धरून खेळायचा कम्प्युटर आला, तो तर लिनक्सच आहे, आणि तो घेणाऱ्या कित्येकांना ते माहीतही नसेल. ऑक्टोबर २०२५ च्या स्टीमच्या सर्व्हेत आम्ही लिनक्सवाले पहिल्यांदाच ३ टक्क्यांच्या वर गेलो. मी हे मोठ्या उत्साहाने दादाला फोन करून सांगितलं. तो आता महाप्याला एका कंपनीत मॅनेजर आहे. म्हणाला, अरे वा, आणि मग म्हणाला घरी आल्यावर मला कम्प्युटरचं तोंड बघवत नाही गं, मी मोबाईलवर कॅरम खेळतो.

असो.

३ टक्के म्हणजे बाकीचे कुठे आहेत हे मला घरातच कळतं. ताईचा मुलगा सुट्टीला आला की दोन दिवसांत म्हणतो, मावशी तुझ्याकडे काहीच चालत नाही. काहीच म्हणजे त्याचा तो एक गेम, पाच विरुद्ध पाच, दिवसरात्र गोळीबार. त्याची चीटिंग पकडणारी यंत्रणा थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी गाभ्यात, जाऊन बसते, लिनक्सवर तिला बसायला जागाच नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या चीटिंग पकडणाऱ्या दुसऱ्या यंत्रणांनी २०२१ मध्येच प्रोटॉनसाठी दार उघडलंय, पण ते लावायचं की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या मनावर, आणि बऱ्याच जणांच्या मनात नाही. हे मी त्याला समजावून सांगितलं, कर्नल म्हणजे काय इथपासून. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मग घरी कधी सोडतेस?

आता गंमत अशी झालीये की ताईचा कम्प्युटर जुना, त्याच्यावर विंडोज ११ चढत नाही, आणि १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे इतकी वर्षं मला हसणारी ताई परवा फोनवर म्हणाली, तुझं ते फुकटवालं काय असतं ते टाकून दे ना आमच्याकडे. मी म्हटलं टाकते, तासाभराचं काम आहे, बँकेचं, शाळेचं सगळं ब्राउजरमध्ये चालेल, फक्त एक सांगते, त्याचा तो गेम चालायचा नाही.

अजिबात नाही?

अजिबात नाही.

ताई म्हणाली, मग आजच ये की.

पेनड्राइव्ह तयार करून ठेवलाय. ऐरोलीहून कळवा काही लांब नाही. अजून गेले नाहीये, बघू.