आईचा पडदा आणि 'तक्रार काय?'

आईला शुगर होऊन अकरा वर्षं झाली. गोळ्या वेळच्या वेळी, सकाळचं चालणं चुकत नाही. पण डोळ्यांचा पडदा या अकरा वर्षांत एकदाही तपासलेला नव्हता. टाइप टू मधुमेहात निदान झाल्या झाल्या तो बघायचा असतो आणि पुढे साधारण दरवर्षी. हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

तिला घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. केसपेपर लगेच निघाला. अडलो ते नेत्र विभागाच्या टेबलावर.

"तक्रार काय?"

"तक्रार नाही. शुगर आहे, पडदा बघून घ्यायचाय."

"दिसतंय ना नीट?"

"हो, दिसतंय की," आई म्हणाली. खरं तेच सांगितलं तिनं.

केसपेपरवर 'चष्म्याचा नंबर' असं लिहून आम्हाला दुसऱ्या रांगेत पाठवलं. दीड तासानं तिच्याकडून तक्त्यावरची अक्षरं वाचून घेतली. नंबर तोच निघाला. "डोळे चांगले आहेत, जा." मी परत टेबलापाशी. थेंब टाकून आतून बघायचं होतं म्हटलं, तर "तसं लिहिलेलं नाही, आणि थेंबांची वेळ संपली. उद्या या." दुसऱ्या दिवशी टेबलावर वेगळ्या बाई, प्रश्न तोच, आणि पुन्हा तीच चष्म्याची रांग.

तो राग अजून गेलेला नाही. पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात तेव्हा माणसाला काहीच जाणवत नाही. मध्यभागी सूज येईपर्यंत किंवा आत रक्त उतरेपर्यंत अक्षरं स्वच्छ दिसत राहतात. तक्रार सांगता येईल तोवर बरंच नुकसान झालेलं असतं, आणि इथे तक्रारीशिवाय पुढे जाताच येत नाही! आईच्या जागी एकटी आलेली एखादी म्हातारी असती, तर "डोळे चांगले आहेत" ऐकून समाधानानं घरी गेली असती.

शेवटी मेडिसिन ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी दोन ओळी लिहून दिल्या: मधुमेह ११ वर्षे, बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी करावी. त्या कागदावर दहा मिनिटांत थेंब पडले. म्हणून आधी ही चिठ्ठी घ्या, मगच नेत्र विभागात जा.

डाव्या डोळ्यात सुरुवातीचे बदल निघाले, रक्ताचे बारीक ठिपके. लेझरची गरज नाही, साखर आणि रक्तदाब आवरा, सहा महिन्यांनी या, असं सांगितलं. तिची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी, तेव्हा ८.४ होती. रोजच्या उपाशीपोटीच्या आकड्यावर आम्ही निर्धास्त होतो, ही सरासरी कधी बघितलीच नव्हती.

थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. काळा चष्मा न्या, रुग्णाला गाडी चालवू देऊ नका. आणि उपाशी नेऊ नका. गोळी घेऊन रांगेत बसलं की साखर खाली येऊ शकते. आईला घाम फुटला तेव्हा शेजारच्या बाईंनी खडीसाखर दिली. त्याच फेरीत लघवीतलं अल्ब्युमिन नावाचं प्रथिनही तपासून घ्या, मूत्रपिंडाचा त्रासही असाच न कळत सुरू होतो. शुगरमुळे पायांची जाणीव कमी झालीय का, हे बघायला डॉक्टरांना आपणच सांगावं लागलं. त्यांनी तळव्याला नायलॉनचा तंतू टेकवून बघितलं, आईला सगळीकडे जाणवलं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

रिक्षात बसल्यावर आई म्हणाली, "मावशीला तर पंधरा वर्षं झाली." सोमवारी मावशीला नेतोय, आधी मेडिसिन ओपीडीत.