तसबिरीमागचं पान

आमच्या दिवाणखान्यात विजेच्या मीटरशेजारी येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे आणि तिच्यामागे वर्षभर एक वाळकं पान खोचलेलं असतं. नाताळाआधी घराची झाडलोट निघाली की कामाला येणाऱ्या मावशी स्टुलावर चढून हमखास विचारतात, "ताई, ही काडी टाकू ना?" मी दर वर्षी तितक्याच घाईने ओरडते, "नको नको, राहू दे." मग त्या काडीवरची धूळ झटकतात, काडी होती तशी खोचतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचारतात.

ही काडी म्हणजे नारळाच्या झावळीची एक पात. ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, चर्चमध्ये आशीर्वाद देऊन मिळते. येशू गाढवावर बसून यरुशलेमेत शिरला तेव्हा लोकांनी फांद्या हलवून त्याचं स्वागत केलं, त्याची ही आठवण. गंमत म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत हा प्रसंग आहे, पण खजुरीच्या झावळ्यांचा उल्लेख एकट्या योहानाने केला आहे. लूक तर फक्त रस्त्यावर अंथरलेल्या अंगरख्यांबद्दल बोलतो. योहानाचं लक्ष त्या दिवशी दुसरीकडे असतं तर आज माझ्या तसबिरीमागे बहुतेक सदऱ्याची बाही खोचलेली असती.

मी मूळची वसईची. वाडी, बावखल म्हणजे गोड्या पाण्याचं तळं आणि कुंपणाला लागून नारळ, त्यामुळे झावळीचं आम्हांला अप्रूप नव्हतं. आई कोवळी पात हिरापासून, म्हणजे मधल्या ताठ काडीपासून, सोलून काढायची आणि बोलता बोलता तिचा क्रूस वळायची. पहिली घडी, उलटी घडी, टोक आत, की झाला क्रूस. सोललेले हीर ती फेकत नसे. ते जुडीत बांधले जायचे आणि त्यांचा खराटा व्हायचा. एकाच पानाचं अर्धं अंग देवाच्या तसबिरीमागे आणि अर्धं अंगण झाडायला, यात तिला काही विशेष वाटत नसे. मलाही तेव्हा वाटलं नव्हतं. आता खराट्यासाठी डी-मार्टच्या रांगेत उभी राहते तेव्हा वाटतं.

लग्नानंतर ठाण्याला आले. वसईहून घोडबंदर रस्त्याने एसटीने यायचं, तलावपाळीला उतरायचं. मासुंदा तलावाच्या एका अंगाला कौपिनेश्वराचं देऊळ आणि पलीकडे थोड्या अंतरावर सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. जांभळी नाक्याच्या भाजीवाल्यांचा ओरडा दोघांच्याही वाट्याला सारखाच. २०१८ साली १८ मार्चला गुढीपाडवा होता आणि २५ तारखेला झावळ्यांचा रविवार. एका आठवड्याच्या अंतराने तोच परिसर आधी फेटे-नऊवारीने भरला आणि मग झावळ्या घेतलेल्या आमच्या लोकांनी. आमच्या मजल्यावरच्या काकू तेव्हा म्हणाल्या, "तुमचं आमचं सगळं पानांवरच चाललंय." त्यांच्या देवघरात गेल्या दसऱ्याचं आपट्याचं सोनं अजून पडून होतं. दाराला आंब्याच्या डहाळ्यांचं तोरण होतं, वाळून त्याचा खुळखुळा झालेला. हिरवं असताना पूजा आणि वाळल्यावर टाकवत नाही, हा आजार एकाच धर्माला नाही.

पण आमच्या पानाला वाळल्यावरही एक काम असतं. पुढच्या वर्षी ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी चर्चच्या दाराशी एक खोका ठेवतात. घरोघरच्या जुन्या झावळ्या त्यात टाकायच्या. त्या जाळतात, राख चाळून घेतात आणि राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, फादर तीच राख आपल्या कपाळावर क्रूसाच्या आकारात लावतात. म्हणतात, "माणसा, तू माती आहेस आणि मातीलाच परत मिळशील, हे लक्षात ठेव." म्हणजे ज्या पानाने आपण जयजयकार केला, तेच पान वर्षभराने कपाळावर येऊन बसतं. तो जयजयकारही तसा फसवाच. 'होसान्ना' हा मूळ हिब्रू शब्द, अर्थ 'आम्हांला वाचव'. आम्ही तो ढोलकीच्या ठेक्यात इतक्या आनंदाने म्हणतो की बुडणाऱ्या माणसाने हाक मारली आहे, हे कोणाच्या लक्षात येत नाही.

राखेचा बुधवार हा नोकरीचाच दिवस असतो, त्याला सुट्टी नाही. सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, करायची, कपाळावर राख घेऊन ठाणे स्टेशन गाठायचं आणि सीएसएमटीची लोकल पकडायची. लेडीज डब्यात पहिल्या वर्षी एका बाईंनी माझ्याकडे निरखून बघितलं आणि आदराने विचारलं, "कुठल्या मठातला अंगारा?" मी गडबडले. "चर्चचा," म्हटलं. त्यांनी क्षणभर विचार केला, मग म्हणाल्या, "असो. अंगारा तो अंगाराच." आणि सरकून मला चौथी सीट दिली. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीत चौथी सीट मिळणं ही साधी कृपा नव्हे.

माझी अडचण वेगळीच आहे. त्या दिवशी मिस्सेत जे शुभवर्तमान वाचतात ते मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं. उपवास करता तेव्हा ढोंग्यांसारखी तोंडं उतरवून हिंडू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, लोकांना कळता कामा नये, असं येशू त्यात सांगतो. हे ऐकायचं, आमेन म्हणायचं आणि पाच मिनिटांनी कपाळाला राख फासून भर बाजारातून स्टेशनवर जायचं! पुसावी तर राखेची लाज वाटते असा अर्थ, ठेवावी तर दिखावा. पुसा किंवा ठेवा, असा चर्चचा काही नियम नाही. बरीच वर्षं मी मधला मार्ग काढला होता, कपाळावर केसांची बट ओढायची. २०२१ साली कोरोनामुळे रोमहून सूचना आली की कपाळाला बोट न लावता डोक्यावरच राख भुरभुरावी आणि प्रत्येकापुढे ते शब्दही म्हणू नयेत. त्या वर्षी कोणालाच काही दिसलं नाही. मत्तय खूश झाला असता. मला मात्र चुकल्याचुकल्यासारखं झालं. कोणी विचारावं असं आपल्याला वाटत असतं, हे मला तेव्हा कळलं आणि ते कळणं फारसं सुखाचं नव्हतं.

याच ठाण्यात १३२१ साली तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती असे फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू आपल्या श्रद्धेपायी मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानस नावाचा डॉमिनिकन संघाचा धर्मबंधू मागे राहिला आणि त्याने त्यांचे देह वसईजवळच्या सोपाऱ्याला नेऊन पुरले. ठाण्याहून सोपारा, म्हणजे माझ्या माहेरच्या वाटेनेच म्हणायचं. जॉर्डानसला ती वाट कशी वाटली असेल, असं घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकले की मनात येतं. सातशे वर्षांपूर्वी या गावात चार माणसांनी जीव दिला आणि मी त्याच गावात बट पुढे ओढू की मागे, यात अडकलेली. हसू येतं, पण पूर्ण नाही.

उपवासाचंही तसंच. आमचा उपवासकाळ चाळीस दिवसांचा, पण कॅलेंडरवर मोजलात तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार धरायचे नाहीत, कारण प्रत्येक रविवार हा छोटा ईस्टरच. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासे मात्र चालतात. हा नियम ज्या कोणी केला त्याने वसईचा सरंगा किंवा चेंदणी कोळीवाड्यातले ताजे बोंबील खाल्लेले नसणार. मांसाऐवजी सरंगा हा त्याग? काकूंना हे सांगितल्यावर त्या साबुदाण्याची खिचडी ढवळत म्हणाल्या, "एकादशी अन् दुप्पट खाशी. आम्हांला नका सांगू." माझी आजी मात्र चाळीस दिवस मासेही सोडायची आणि रविवारी सगळी कसर भरून काढायची. तिने कधी कोणाला "मी मासे सोडलेत" असं सांगितलेलं आठवत नाही. तव्यावर इतरांसाठी तुकड्या तळायची आणि स्वतः लोणच्याशी भाकरी खायची.

तीच आजी चुलीतली राख टोपलीत भरून ठेवायची, भांडी घासायला. राखेतले क्षार पाण्यात उतरले की तेलकटपणा धरतात, म्हणून तिच्या टोपांचे तळ आरशासारखे चकचकीत असत. साबण आला तेव्हा तिने तो आंघोळीला ठेवला, टोपांना नाही. कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात मी राख म्हणजे मरण असं शिकले, घरी मात्र राख म्हणजे स्वच्छ टोप. दोन्ही एकाच आठवड्यात शिकले असेन, पण एकमेकांना जोडायला मला चाळीस वर्षं लागली.

आई शेवटची दोन वर्षं आमच्याकडे होती. रात्री दोनदा तिचं डायपर बदलावं लागे. मोठा दिवा लावला की तिचे डोळे दुखत, म्हणून तसबिरीखालचा छोटा लाल बल्ब तेवढा चालू असे. त्या उजेडात ते पान दिसायचं, भिंतीवर लांबलचक सावली पाडून बसलेलं. होसान्ना म्हणायला आपल्याला फार तर दहा मिनिटं लागतात, राख लावून घ्यायला दहा सेकंद. उरलेलं वर्ष ते पान नुसतं तिथे असतं. गॅसचा नंबर लावताना, सोसायटीच्या मीटिंगहून चिडून येताना, रात्री अडीचला ओली चादर बादलीत टाकताना. त्या वर्षांत मी धड प्रार्थना म्हणून केलीच नाही. रोझरीची जपमाळ सुरू केली की दुसऱ्या दहा मण्यांना डोळा लागायचा. आईला सांगितलं तर म्हणाली, "बाय, चादर बदलतेस ना? मग झालं. पुढचं तो बघेल." मला ते तेव्हा पटलं नाही. खरं सांगायचं तर अजून अर्धंच पटलंय.

तिने जाण्याच्या वर्षी, थरथरत्या बोटांनी, शेवटचा क्रूस वळला. एक बाजू आखूड, एक लांब. तो मी पुढच्या उपवासकाळात खोक्यात टाकला नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. यंदा तसबीर उतरवली तेव्हा मागून चार पानं निघाली: दोन साधी, एक आईचा तो वाकडा क्रूस आणि चौथं पान झावळीचंच नव्हतं.

चौथं २०२०चं. ५ एप्रिल, झावळ्यांचा रविवार, लॉकडाउनचा बारावा दिवस. चर्चला कुलूप होतं. मिस्सा मोबाइलवर पाहिली. फादर रिकाम्या बाकांपुढे उभे राहून झावळ्यांना आशीर्वाद देत होते, तेव्हा यांनी धावत जाऊन बाल्कनीतल्या अरेका पामचं एक पान तोडून आणलं आणि मोबाइलच्या स्क्रीनपुढे धरलं. आम्ही दोघं त्या फोनपुढे पान हलवत 'होसान्ना' म्हणालो. त्याच रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावा, असं पंतप्रधानांनी सांगितलं होतं. सगळ्या सोसायटीच्या बाल्कन्यांत पणत्या आणि मेणबत्त्या लागल्या. काकूंकडची तेलवात वाऱ्याने सारखी विझत होती, म्हणून मी त्यांना आमच्या आल्तारावरची, घरातल्या वेदीवरची, जाड मेणबत्ती दिली. समोरच्या इमारतीतून कोणीतरी शंख फुंकला, कोणी थाळी वाजवली. आमच्या मजल्यावर सगळे गप्प होते.

राखेच्या बुधवाराआधीच्या रविवारी चारही पानं वर्तमानपत्रात गुंडाळून चर्चला नेली. दोन साधी पानं खोक्यात सहज टाकली. आईचा क्रूस हातात धरून बराच वेळ उभी राहिले. मागे रांग लागली. मग आठवलं, उपवासकाळ आला की आई स्वतः वाडीतल्या पाच-सहा घरांत फिरून "जुन्या झावळ्या काढा गं" म्हणत त्या गोळा करायची. तिच्या हातून एक पान मागे राहायचं नाही. टाकला. अरेकाचं पान खोक्यात घालताना मात्र अडखळले. मोबाइलमधून दिलेला आशीर्वाद पानाला लागतो का? शेजारी उभ्या असलेल्या एका मावशींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "माझ्या तर पोराचं लग्नही त्या वर्षी झूमवर झालं. लागलंच की." पण पान फार ठिसूळ झालं होतं, खोक्याच्या कडेला लागून त्याचे दोन तुकडे झाले. ते मी परत पिशवीत टाकले.

आशीर्वाद दिलेली वस्तू आमच्यात कचऱ्यात टाकत नाहीत. जाळायची, नाही तर पुरायची. संध्याकाळी बाल्कनीत बसून अरेका पामच्याच कुंडीतली माती उकरली आणि ते तुकडे आत दाबले. आशीर्वाद लागला असेल तर रीतीप्रमाणे झालं आणि नसेल लागला तर झाडाचं पान झाडाला गेलं. वरून पाणी घातलं.

पलीकडच्या बाल्कनीतून काकू वाकून बघत होत्या. "कसलं खत घालताय? आमचं पाम पिवळं पडतंय हो."

"जुनी पानं आहेत," म्हटलं.

"पुढच्या वेळी थोडी आम्हांलाही द्या," काकू म्हणाल्या आणि वाळत घातलेले कपडे काढायला वळल्या.