काजूवाला असून काजूविरुद्ध? तुम्ही विचारलंत म्हणून

"काजूसुद्धा झाडच ना? डोंगर हिरवाच दिसतो, मग पक्षी कमी कसे होतील? आणि तुम्ही स्वतः काजूवाले, कोणत्या तोंडाने बोलता?" पाहुणे विचारतात, सोयरे विचारतात. परवा लग्नाच्या पंगतीतून उठून हात धुता धुता एकाने विचारलं. एकदाच सांगतो.

पक्षी कमी होत नाहीत. घोळ तिथेच आहे. २००९ साली आम्ही सिंधुदुर्गात दोडामार्गातलं चार एकर रान मोडून वेंगुर्ला-४ जातीच्या काजूची कलमं लावली आणि दोन-तीन वर्षांत माझ्या वहीतली यादी वाढलीच. बुलबुल, सातभाई, दयाळ, कोतवाल, उन्हाचे नि कडेचे सगळे आले. मी तोऱ्यात सांगायचो, बघा, बागेने काही बिघडत नाही. अरे शहाण्या, यादीतून गेलं कोण ते बघितलंस? श्यामा नि कर्णा, दोघे दाट रानातले पक्षी. श्यामाला खाली गच्च झुडपं लागतात, कर्ण्याला घरटं कोरायला कुजका खुंट. आम्ही तर बी वेचायला सोपं जावं म्हणून काजूखाली अंगणासारखं साफ करतो. ते दोघे देवाच्या राईत उरले. राई केवढी, तर शंभर पावलांत परत उन्हात.

रान मोडायचं ते मार्चात, म्हणजे पावसाआधी खड्डे होतात. धनेशाची वीणही तेव्हाच. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर बाहेरून फळं आणून भरवतो. मला ठाऊक नव्हतं, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. खरं तर व्हाळावरच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या बेहड्याखाली काजऱ्याच्या झाडाच्या बटणासारख्या बियांचा सडा मी आठवडाभर बघत होतो. बेहड्याखाली काजऱ्याच्या बिया कशा, एवढंही वर बघून विचारलं नाही.

मशीन चाललं, झाड आडवं झालं. गडी म्हणाला, "दादानू, हय बगा." ढोलीचं तोंड लिंपलेलं, मधे बोटभर फट, फटीत चोच हलत होती. लिंपण फोडलं. मादी जिवंत, पण उडायची पिसं गाळलेली. पिल्लू चेपलं होतं. मादी पाचोळ्यातून सरपटत झुडपात शिरली. संध्याकाळपर्यंत शोधली, सापडली नाही.

दुपारी नर आला. जिथे झाड होतं तिथे हवेतच गोंधळला, मग शेजारच्या किंजळावर बसला. गळ्यातून एकेक फळ वर काढायचा, चोचीच्या टोकाशी धरायचा आणि परत गिळायचा. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी मी गेलो नाही.

तोडीची परवानगी होती, कागद अजून कपाटात आहे. बहिणीचं लग्न होतं, सोसायटीचं कर्ज होतं. जमीन आमची.

आता व्हाळाच्या दोन्ही अंगांना वीस-वीस हात रान सोडलंय, कोयता लावत नाही. श्यामा परत ऐकू येतो, राईतून त्याच पट्ट्याने येतो. कलमांमधून आलेला एकदाही बघितला नाही. धनेश उंबर खायला येतात नि जातात. ढोलीजोगं झाडच नाही.

मग बाग मोडणार का? नाही. मुलीची फी त्याच बियांवर भरतो.

यंदा शेजाऱ्यांनी त्यांचं रान मोडायला काढलंय. कलमं कुठून आणू, म्हणून मलाच विचारायला आले. मी सांगितलं.