बरोबरीत सुटलेली कुस्ती

आमच्या आबांचा टीव्हीवरच्या कुस्तीवर भारी राग. आबा म्हणजे आईचे चुलते. उमेदीच्या काळात कोल्हापूरच्या तालमीत सहा वर्षं लाल मातीत लोळलेले. आता दोन्ही गुडघ्यांनी संप पुकारलाय. नव्वदच्या दशकात आम्ही पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते खेळत उंची, वजन, छाती असं तारस्वरात ओरडायचो, तेव्हा ते जिन्याखालून जाता जाता नुसतं "हं" म्हणायचे. त्या एका "हं"मध्ये आमचे सगळे हिरो चितपट व्हायचे. फारच छेडलं तर म्हणायचे, "नाटक हाय रे ते. न्हाईतर एवढा मार खाऊन माणूस उठंल व्हय?"

गेल्या हिवाळ्यात माझी कंबर धरली आणि फिजिओथेरपीवाल्या बाईंनी रोज वीस बैठका सांगितल्या. वीस म्हणजे काही फार नाही, असं सातव्या बैठकीपर्यंत वाटतं. पाय नीट कसे ठेवायचे ते मोबाईलवर शोधायला गेलो, तर एक जपानी पैलवान निघाला. घामानं निथळत बैठकांवर बैठका काढत होता. त्यांच्याकडे या प्रकाराचं नाव 'हिंदू स्क्वॉट'. मला गंमत वाटली. आमच्या अख्ख्या सोसायटीत बैठका काढणारा मी एकटा, तोही डॉक्टरी चिठ्ठीवर. आणि तिकडे टोकियोत पोरं शेकड्यांनी मारतायत! मग व्हिडिओमागून व्हिडिओ बघत रात्री एक वाजता मी बिली रॉबिन्सन नावाच्या इंग्रज गड्यापाशी येऊन पोचलो.

हा मँचेस्टरचा, जन्म १९३८ चा. घराणं मुष्टियोद्ध्यांचं. पण अकराव्या वर्षी डोळ्याला इजा झाली आणि मुष्टियुद्धाचं दार बंद झालं. मग तो कुस्तीकडे वळला. जवळच विगन नावाचं खाणकामगारांचं गाव, तिथे बिली रायली नावाचा वस्ताद. मी वस्तादच म्हणणार, 'कोच' म्हटलं की गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. रायलीच्या तालमीला लोक 'स्नेक पिट' म्हणत, म्हणजे सापांचा खड्डा. त्या भागातल्या, म्हणजे लँकेशायर परगण्यातल्या कुस्तीत पाठ टेकवून तर जिंकता येतंच, पण हात किंवा पाय असा काही अडकवायचा की समोरच्यानं आपणहून हार मानावी, हेही चालतं. कोळसा उपसणारे गडी दिवसभर खाणीत राबून यायचे आणि संध्याकाळी एकमेकांचे सांधे तपासायचे. रॉबिन्सन तिथे बरीच वर्षं घासला. १९५७ मध्ये हौशी कुस्तीत ब्रिटनचं अजिंक्यपद मिळवलं आणि पुढच्या वर्षी तो धंदेवाईक झाला.

आता धंदेवाईक कुस्तीत शेवट आधी ठरलेला असतो, हे शेंबडं पोरही सांगेल. मला कोडं पडलं ते वेगळंच. ज्याला खरंखुरं हाड मोडता येतं, त्यानं रोज रात्री न मोडता मोडल्यासारखं करायचं, हे त्याला जमलं कसं? जमलं खरं, आणि जगभर जमलं. १९६८ मध्ये जपानला गेला तो तिथल्या एका कंपनीचा पहिला जागतिक विजेता झाला. समोरच्याचे दोन्ही हात मागून पिरगाळून त्याला डोक्यावरून मागे फेकण्याचा त्याचा डाव बघून जपान्यांनी त्याचं नावच ठेवलं, 'माणूस पवनचक्की'. पुढे कॅनडा, मग अमेरिका. मिनेसोटात व्हर्न गॅनिया नावाच्या पैलवानाच्या, तोच कुस्तीची कंपनीही चालवायचा, शेतावर नव्या पोरांना तयार करण्याचं काम त्याच्याकडे होतं. त्या पोरांत रिक फ्लेअर होता आणि आयर्न शेखही. म्हणजे आमच्या पत्त्यांवरच्या पिढीच्या बैठका या माणसानं मोजल्या होत्या! फ्लेअर तर तिथून पळून गेला होता. गॅनियानं त्याला परत आणला. (मी सातव्या बैठकीला थांबतो तेव्हा मला फ्लेअरची आठवण येते.)

दिवाळीत आबांकडे गेलो आणि मुद्दाम ११ डिसेंबर १९७५ ची टोकियोतली लढत लावली. रॉबिन्सन विरुद्ध जपानी पैलवान अँटोनियो इनोकी, तीनातले दोन डाव घेईल तो विजयी, वेळ साठ मिनिटं. आबांनी चष्मा लावला तो माझ्यावर उपकार म्हणूनच. पाच मिनिटं काही बोलले नाहीत. बशीतली चकली तशीच राहिली. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "ह्यो गडी तालमीतला हाय."

"कशावरून?"

"वजन बघ की कसं टाकलंय. दुसऱ्याला श्वास घ्यायला जागा हाय काय?"

त्यानंतर मधे बोलायची सोय नव्हती. पहिला डाव रॉबिन्सननं घेतला, तेव्हा आबांनी मांडीवर थाप मारली. तास सरता सरता इनोकीनं त्याला हातापायांनी विळखा घातला आणि बरोबरी साधली. वेळ संपली.

"म्हंजे निकाली न्हाई?" आबा नाराज. पण ती नाराजी कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात बसल्यासारखी होती, नाटक बघताना माणूस असा नाराज होत नाही. शेवट ठरलेला होता हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना ठाऊक नव्हतं असंही नाही.

रॉबिन्सन म्हातारपणी पुन्हा जपानलाच गेला, शिकवायला. टोकियोच्या कोएंजी भागात 'स्नेक पिट' नावाचीच तालीम निघाली, तिथे. काझुशी साकुराबा हा त्याचा शागीर्द. याच्या मिश्र युद्धकलेच्या लढतींत मात्र शेवट ठरलेला नसायचा. २००० साली त्यानं ब्राझीलच्या रॉयस ग्रेसीला नव्वद मिनिटं झुंजवून हरवलं. साकुराबाची एक आवडती पकड विगनचीच. एका हातानं समोरच्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून आपलंच मनगट पकडायचं आणि त्याचा हात त्याच्या पाठीकडे वळवायचा. रॉबिन्सन २०१४ मध्ये अमेरिकेत वारला.

ही पकड मी आबांना तोंडानं समजावत होतो. त्यांना ते पटेना. "हिकडं आण हात," म्हणाले. ऐंशी वर्षांच्या माणसानं माझं मनगट धरलं, दुसरा हात बरोबर दंडावरून घातला आणि अगदी हळू, पाव इंचच वळवलं. मी ओरडलो. मामी स्वयंपाकघरातून धावत आली.

"खोटं हाय व्हय रे?" आबांनी हात सोडत विचारलं. मग मी खांदा चोळतोय ते बघून म्हणाले, "व्यायाम बियाम करतोस का न्हाई?"

"करतो की. बैठका."

"किती?"

"वीस."

आबांनी चष्मा काढला, चकली उचलली.

"हं," म्हणाले.