घर गरम ठेवणाऱ्या लाकडाच्या स्टोव्हची काच काळी पडतेय? आधी लाकूड तपासा

अमेरिकेच्या न्यू इंग्लंडमध्ये सरपण ‘कॉर्ड’वर विकतात: 4 फूट रुंद, 4 फूट उंच, 8 फूट लांब रचलेली रास, म्हणजे 128 घनफूट. विकणारा ‘वाळलेलं आहे’ म्हणतो, त्यावर जाऊ नका. एक ओंडका फोडा आणि ताज्या फोडलेल्या बाजूला ओलावामापक टोचा. बाहेरून मोजलं तर आकडा फसवा, कमीच येतो. 20 टक्क्यांच्या आत हवा. बर्च, मेपल फोडून, वरून झाकून, बाजू उघड्या ठेवून रचलं की साधारण वर्षभरात वाळतं. ओकला दोन वर्षं द्या. ओल्या लाकडाची बरीच ताकद पाणी उडवण्यातच जाते. धूर गार पडतो आणि चिमणीच्या आत डांबरासारखा क्रिओसोट धरतो. चिमणीला आग लागते ती यानेच.

कागद खाली आणि लाकूड वर ही चुलीची सवय इथे सोडा. तळाशी 3 जाड ओंडके, वर आडव्या ढलप्या, सगळ्यात वर बारीक काटक्या आणि पेटवण. काडी वरून लावायची. आग हळूहळू खाली उतरते आणि निघणारा धूर ज्वाळेतून जाताना जळून जातो. चिमणी थंडगार असली तर धूर उलटा घरात येतो. अशा वेळी आधी एक चुरगळलेला कागद चिमणीकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळून तिला ऊब द्या.

स्टोव्हची हवेची झडप सुरुवातीला पूर्ण उघडी. स्टोव्हच्या वर 18 इंचांवर नळीला चुंबकी तापमापक लावा (एकेरी पत्र्याची नळी असेल तरच). 120 ते 245 अंश सेल्सिअस ठीक. त्याखाली क्रिओसोट, त्यावर जळण वाया. ओंडके सगळीकडून काळे झाले की हवा टप्प्याटप्प्याने कमी करा, एकदम नको.

सगळ्यात वाईट खोड म्हणजे रात्री स्टोव्ह ठासून भरून लगेच हवा बंद करणं. आग गुदमरते, धुमसते, सकाळी काच काळीकुट्ट. त्याऐवजी निखारे दाराकडे ओढा, मागे 3 जाड ओंडके एकमेकांना चिकटवून ठेवा, 15-20 मिनिटं खणखणीत पेटू द्या, मगच हवा कमी करा. सकाळी निखारे मिळतात.

आणि आपल्या घरांत हमखास होणारी गोष्ट: फोडणी देताना स्वयंपाकघरातला हवा बाहेर फेकणारा मोठा पंखा लावला की तो हवा स्टोव्हच्या चिमणीतूनही ओढतो. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. पंख्याजवळची खिडकी थोडी उघडा. कार्बन मोनॉक्साइडचा गजर तर हवाच.

लांबची खोली गारच राहते? छोटा पंखा त्या गार खोलीत जमिनीजवळ ठेवून स्टोव्हच्या दिशेने फिरवा. गार हवा इकडे आली की गरम हवा वरून तिकडे जाते.

राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर, लाकडी ओट्यापासून लांब. आतले निखारे दोन-तीन दिवसही जिवंत राहतात.